नडगीच्या हाडात ‘बोन इन्फार्क्ट’ – बहिणीचा एमआरआय रिपोर्ट, थोडं मार्गदर्शन हवंय

अर्धविराम

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारतोय. वय २९. मागे तिला नेफ्रॉटिक सिंड्रोम (किडनीतून प्रथिनं लघवीत वाहून जाण्याचा आजार) झाला होता, तेव्हा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी बरेच महिने चालली, सुरुवातीला चांगल्याच मोठ्या डोसमध्ये. किडनी आता ठीक आहे आणि गोळी उतरत उतरत ५ मिलिग्रॅमवर आली आहे. पण हल्ली उजव्या गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखतं. लॅबमध्ये दिवसभर उभ्याने काम असतं, संध्याकाळी लंगडतच घरी येते.

एक्स-रे काढला, त्यात काहीच नाही. शेवटी एमआरआय केला. रिपोर्टमधली मुख्य ओळ अशी: ‘प्रॉक्सिमल टिबियाच्या मेटाफिसिसमध्ये आणि डिस्टल फीमरमध्ये मेडुलरी बोन इन्फार्क्ट्स. सबकॉन्ड्रल भाग सुरक्षित. कोलॅप्स नाही.’ म्हणजे, मला समजलं त्याप्रमाणे, नडगीच्या हाडाच्या (टिबिया) वरच्या टोकाजवळ आणि मांडीच्या हाडाच्या (फीमर) खालच्या टोकाला मज्जेतल्या भागाचा रक्तपुरवठा तुटून तो मेलाय, पण सांध्याच्या कूर्चेखालचं (सबकॉन्ड्रल) हाड ठीक आहे आणि हाड कुठे खचलेलं नाही. त्याखाली मेनिस्कसबद्दल (गुडघ्यातली कूर्चेची गादी) एक ओळ आहे, ‘ग्रेड २ सिग्नल’ अशी.

हाडाच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तोवर घरात जो तो तज्ज्ञ झालाय. रिपोर्ट एका नातेवाइकांनी वाचला आणि ‘हाड मेलंय, आता ते सडणार, पाय काढावा लागतो’ असं बहिणीसमोरच सांगून मोकळे झाले. ती रात्रभर झोपली नाही.

मला मुख्य कोडं हे पडलंय की, पायाचा डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) केला तो एकदम नॉर्मल. घोट्याजवळची नाडी डॉक्टरांनी हात लावून बघितली, तीही उत्तम. मग रक्तपुरवठा बंद पडला तो कुठे? शिवाय हे हाड चालताना मोडेल का? आणि स्टेरॉइडमुळेच झालं असेल तर उरलेली गोळी आजच बंद करून टाकावी का?

साधासरळ

एवढं घाबरू नका. कॅल्शियम आणि डी-३ चालू करा, सकाळचं ऊन घ्या, तीन महिन्यांत हाड भरून येईल. आमच्याकडे सगळ्यांना याचाच गुण आला.

कुंदा

साधासरळ, डी व्हिटॅमिन कमी असेल तर ते घ्यावंच, पण हे दुखणं कॅल्शियमच्या कमतरतेचं नाही. हाड विरळ होणं वेगळं आणि हाडाच्या एका तुकड्याचं रक्त तुटणं वेगळं. स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला दोन्ही होऊ शकतं, म्हणून गल्लत होते.

अर्धविराम, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू शकतं, हे नाही. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बरेच महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ज्या ग्रंथी ते तयार करतात त्या सुस्तावतात. गोळी एकदम तोडली तर रक्तदाब कोसळणं, उलट्या, गळून जाणं, प्रसंगी जीवावर बेतणं, इथपर्यंत जाऊ शकतं. त्यात आधीचा किडनीचा आजार उलटण्याची भीती आहेच. डोस उतरवायचा की नाही हे किडनीचे डॉक्टर ठरवतील. त्यांना हा रिपोर्ट मात्र जरूर दाखवा. हाडवाले आणि किडनीवाले आपसात बोलत नाहीत, निरोप्याचं काम घरच्यांनाच करावं लागतं.

आता मी कोण ते सांगते. डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. मला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, कॉलेजात असल्यापासून. प्रेडनिसोलोनशी माझा संसार जुना आहे. माझ्या दोन्ही नडग्यांत वरच्या टोकाला इन्फार्क्ट आहेत, आणि मी आज चार मजले चढून वर्गावर जाते. तेव्हा पाय काढण्याची बात करणाऱ्या त्या नातेवाइकांना चहा पाजून वाटेला लावा. ते गँगरीनबद्दल बोलतायत. गँगरीनमध्ये कातडी, स्नायू, सगळं काळं पडतं, कारण पायाची मोठी धमनीच बंद झालेली असते. हाडात जंतू शिरून तुकडा मरतो तोही प्रकार वेगळा, त्यात ताप, पू, लाली असते. तुमच्या बहिणीच्या हाडात जंतू नाहीत. सडण्याचा प्रश्नच येत नाही.

डॉपलरचं कोडं मलाही पडलं होतं. आमच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा उलगडलं. नडगीच्या हाडाला मागच्या बाजूने, वरच्या एक तृतीयांश भागात एक भोक असतं. शरीरातल्या हाडांमध्ये अशी जी भोकं असतात त्यांत हे सर्वांत मोठ्यांपैकी. त्यातून एक धमनी आत शिरते आणि मज्जेत वर-खाली फाटे फोडते. गंमत म्हणजे ती साधारणपणे त्याच धमनीची फांदी असते जिची नाडी डॉक्टर घोट्याच्या आतल्या बाजूला बघतात. म्हणजे मुख्य रस्ता मोकळा आहे हे नाडी सांगते. आतल्या केसासारख्या वाहिन्यांत काय चाललंय ते ना बोट सांगू शकत ना डॉपलर.

आणि बिघाड होतो तो नेमका तिथे. मोठ्या डोसच्या स्टेरॉइडने मज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात. मांडीचा स्नायू सुजला तर कातडी ताणली जाते, जागा मिळते. हाडाची भिंत ताणली जात नाही. आतला दाब वाढतो, आधी अशुद्ध रक्त बाहेर पडायला अडतं, मग ताजं आत यायला. त्यात चरबीचे बारीक कण वाहिन्यांत अडकणं, रक्त गोठण्याकडे कल असणं, हेही भर घालतं. नेफ्रॉटिकमध्ये रक्त तसंही लवकर गोठतं, हे तुमच्या डॉक्टरांना माहीत असेलच. दारू, सिकलसेल, गोशे नावाचा आनुवंशिक आजार, रेडिएशन, ही बाकीची ठरलेली कारणं.

रक्त तुटलं की रक्त तयार करणाऱ्या पेशी पहिल्या सहा ते बारा तासांत जातात, हाडाच्या पेशी एक-दोन दिवसांत, चरबीच्या सर्वांत शेवटी. पण पेशी गेल्या तरी हाडातलं चुन्याचं बांधकाम जागच्या जागी उभं असतं. ते लगेच ठिसूळ होत नाही. धोका येतो तो नंतर, शरीर दुरुस्तीला लागतं तेव्हा. कडेने नव्या वाहिन्या शिरतात, जुनं हाड खरवडलं जातं, नवं घातलं जातं. खरवडण्याचा वेग भरण्यापेक्षा जास्त झाला की ती जागा काही काळ कमकुवत होते.

म्हणून सगळा खेळ जागेचा आहे. ही कमकुवत जागा सांध्याच्या कूर्चेच्या थेट खाली असेल तर वरचं वजन तिच्यावर पडतं, तिथे बारीक चीर जाते, पृष्ठभाग खचतो आणि सांधा कायमचा बिघडतो. खुब्याच्या गोळ्याचं असंच होतं. तीच जागा चार बोटं खाली, हाडाच्या पोकळ भागात असेल तर वजन बाहेरची जाड भिंत पेलते, आणि त्या भिंतीच्या बाहेरच्या थराला हाडावरच्या आवरणातून वेगळं रक्त मिळतच असतं. बहिणीच्या रिपोर्टमधले महत्त्वाचे शब्द ‘इन्फार्क्ट्स’ हे नाहीत. ‘सबकॉन्ड्रल भाग सुरक्षित, कोलॅप्स नाही’ हे आहेत. ते जाड अक्षरात छापायला हवेत, पण रिपोर्ट लिहिणाऱ्याला काय त्याचं.

आता एक प्रश्न मीच तुम्हाला विचारते, आणि हा गंभीर आहे. तिच्या खुब्यांचा एमआरआय झालाय का?

फिल्मवाला

कुंदाताईंनी बरोबर नस पकडली. मी एमआरआय मशीनवर काम करून निवृत्त झालो. निदान करणं माझं काम कधीच नव्हतं, पण हजारो गुडघे डोळ्यांखालून गेले.

अर्धविराम, फिल्म घरी असेल तर उजेडावर धरून बघा. ज्या चित्रांवर कोपऱ्यात ‘टी-१’ लिहिलंय त्यांत मज्जा पांढरट दिसते, कारण तिथे चरबी असते. इन्फार्क्ट असेल तिथे एक काळी नागमोडी रेघ बंद आकार काढून परत स्वतःला मिळते. मजा म्हणजे रेघेच्या आतला भाग बरेचदा बाहेरच्यासारखाच पांढरट असतो. ती रेघ ही जिवंत आणि मृत भागाची हद्द, तिथे दुरुस्तीचं काम चाललेलं असतं. टी-२ मध्ये कधी कधी त्याच हद्दीवर काळ्या रेघेला लागून आतून दुसरी पांढरी रेघ दिसते. हे चित्र दिसलं की निदानाबद्दल सहसा शंका उरत नाही. गाठ असेल तर ती आतली चरबी खाऊन टाकते, आतला भाग पांढरट राहत नाही.

एक्स-रे नॉर्मल आला यात कुणाची चूक नाही. सुरुवातीला तो नॉर्मलच येतो. पुढे त्या हद्दीवर चुना साठला की मग दिसतं. आमचे रेडिओलॉजिस्ट त्याला चिमणीतून वर चढणाऱ्या धुराची उपमा द्यायचे, आणि खरंच हुबेहूब तसं दिसतं. अशा जुन्या इन्फार्क्टचे कितीतरी एक्स-रे मी पाहिलेत, पडल्यामुळे काढलेले. माणसाला आपल्या हाडात असं काही आहे याचा पत्ताच नसायचा.

जागेचा मुद्दा तर फार जुना आहे. नदीखालच्या बोगद्यांत दाबाच्या हवेत काम करणारे मजूर आणि पाणबुडे यांच्यात हाच रोग सापडायचा, घाईने वर आल्यावर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन. १९११च्या सुमारास एक्स-रेवर तो पहिल्यांदा नोंदला गेला. पुढे त्यांच्या तपासणीसाठी जी वर्गवारी केली तिच्यात दोनच गट: ‘ए’ म्हणजे सांध्यालगतचा, ‘बी’ म्हणजे सांध्यापासून दूर, हाडाच्या दांड्यातला वगैरे. ‘ए’ सापडायचा तो खांद्यात आणि खुब्यात, त्यानेच माणसं अधू व्हायची. गुडघ्याच्या वर-खाली सापडायचा तो ‘बी’, आणि तो बहुधा आयुष्यभर गप्प बसायचा.

अर्धविराम

कुंदाताई, फिल्मवाला, मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवले. फिल्म खिडकीला लावून ती रेघ आम्ही शोधली, सापडली. नडगीत एक, मांडीच्या हाडात एक.

खुब्यांचा एमआरआय झालेला नाही. खुबा दुखत नाही असं ती म्हणते. दुखत नसताना कशाला?

कुंदा

दुखत नाही तेव्हाच. दुखायला लागल्यावर काढलेल्या एमआरआयमध्ये बरेचदा खचणं सुरू झालेलं असतं.

स्टेरॉइडने होणारा हा रोग एका हाडावर थांबेलच असं नाही. औषध रक्तातून सगळीकडे जातं. बहिणीला गुडघ्याच्या वर आणि खाली दोन ठिकाणी आहे, म्हणजे शरीराने आधीच सांगून ठेवलंय. तीन किंवा जास्त सांध्यांत सापडलं तर त्याला मल्टिफोकल म्हणतात, आणि त्यात खुबे जवळजवळ हमखास असतात. माझं तसंच झालं. नडगी दुखते म्हणून गेले, नडगीत निरुपद्रवी निघालं, आणि त्या निमित्ताने बघितलेल्या डाव्या खुब्यात सांध्यालगतचा डाग सापडला, तोवर एक दिवस दुखलेला नव्हता. खचण्याआधी सापडला म्हणून हाडात ड्रिलने मार्ग करून आतला दाब कमी करतात ते छोटं ऑपरेशन करता आलं. गोळा खचल्यावर त्याचा फारसा उपयोग नसतो, मग सांधा बदलणं उरतं. नडगीला मात्र आजवर कुणी हातही लावलेला नाही. तिचा उपकारच म्हणायचा माझ्यावर.

दिलासा देणारी एक गोष्ट. मोठा डोस सुरू झाल्यावर हे डाग बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच एमआरआयवर उमटतात. नंतर वर्षानुवर्षं नवे नवे येत राहतात असं सहसा होत नाही, डोस पुन्हा मोठा वाढवला तर गोष्ट वेगळी. म्हणजे खुब्यात आत्ता काही नाही निघालं तर बऱ्यापैकी निश्चिंत होता येईल.

ओंजळ

मध्येच विचारते. माझ्या वडिलांना, वय ६७, एका रात्रीत गुडघ्याच्या आतल्या बाजूला जबरदस्त दुखायला लागलं. स्टेरॉइड कधीच नाही, दारू नाही. एमआरआयमध्ये टिबियल प्लॅटोमध्ये ऑस्टिओनेक्रोसिस (रक्त तुटून हाड मरणं) असं आलं. इथलं वाचून वाटतंय की दुखणं निरुपद्रवी आहे, चालू दे चालणं?

कुंदा

नाही नाही, थांबा! ओंजळ, तुमच्या बाबांचं प्रकरण वेगळं आहे. प्लॅटो म्हणजे नडगीच्या हाडाचा अगदी वरचा, सांध्याचाच पृष्ठभाग. म्हणजे फिल्मवाल्यांच्या भाषेत ‘ए’. साठीनंतर, एकाच गुडघ्यात, अचानक सुरू झालेलं दुखणं, हा प्रकार १९६८ साली आल्बॅक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळा म्हणून मांडला. तेव्हा त्याला आपोआप झालेला ऑस्टिओनेक्रोसिस म्हणत. हल्ली बहुतेकांचं मत असं की तिथे आधी कूर्चेखालच्या कमजोर हाडाला वजनाने बारीक फ्रॅक्चर होतं, आणि हाड मरणं हा त्याचा परिणाम. बरेचदा जोडीला मेनिस्कस मुळापाशी फाटलेला असतो. अशा वेळी त्या पायावर वजन टाकणं लवकर कमी केलं तर पुष्कळांचं बरं होतं, दामटून चालत राहिलं तर खचू शकतं. डॉक्टरांना आजच फोन करा, आणि तोवर काठी.

पाऊलवाट

फिजिओथेरपिस्ट आहे, काठीचं निघालंच म्हणून. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. दहातले आठ जण दुखऱ्या बाजूलाच धरून येतात आणि त्याच बाजूला झुकून चालतात, म्हणजे जे टाळायचं तेच. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. काठीची उंची: उभं राहून हात सैल सोडला की मूठ मनगटाच्या रेषेत यावी. ओंजळ, बाबांना डॉक्टरांनी वजन पूर्ण बंद सांगितलं तर काठीने भागणार नाही, कुबड्या किंवा वॉकर लागेल.

अर्धविराम, तुमच्या बहिणीला मात्र अंथरुणात बसवून ठेवू नका. सांध्यालगत काही नसेल तर चालण्याने तो डाग वाढत नाही. पडून राहिल्याने मांडीचा पुढचा स्नायू वाळतो आणि मग गुडघा त्याच कारणाने दुखायला लागतो. स्टेरॉइडने तो स्नायू आधीच कमजोर झालेला असतो. खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का, एवढं बघा आणि इथे सांगा.

अर्धविराम

बघितलं. नाही उठता येत. दोन्ही हात टेकावे लागतात. हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

पाऊलवाट

मग दुखण्यातला बराच वाटा तिथला असू शकतो. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, आणि व्यायाम त्यांनी हो म्हटल्यावर, समोर बसून कुणाकडून तरी शिकून घेऊ दे. इथे लिहून तो शिकवता येणार नाही.

कुंदा

पाऊलवाट म्हणतात त्यात भर. इन्फार्क्ट दिसला म्हणून दुखणं त्याचंच, असं धरून चालू नये. ताज्या इन्फार्क्टला दुखू शकतं, जुना बहुधा गप्प असतो. तेव्हा डॉक्टरांना थेट विचारा: डागाच्या भोवती मज्जेत सूज आहे का? कूर्चेपासून डाग किती लांब? ‘ग्रेड २’ मेनिस्कसचा या दुखण्याशी संबंध आहे का? (ग्रेड २ म्हणजे बहुधा फाटलेला नसतोच, पण त्यांच्या तोंडून ऐका.) हाड ठिसूळ झालंय का ते बघायला डेक्सा करायचा का? दाब कमी करायचं ऑपरेशन नडगीसाठी कुणी सुचवलं तर ‘सबकॉन्ड्रल भाग सुरक्षित असताना कशासाठी?’ हे शांतपणे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बिस्फॉस्फोनेटच्या (हाडाची झीज रोखणाऱ्या) गोळ्यांचं नाव निघालं तर ती तरुण आहे आणि पुढे मूल हवं असेल तर तेही सांगा, कारण ते औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. किडनी कशी आहे हेही त्यात बघावं लागतं.

आणखी एक, घाबरवायला नाही. फार क्वचित, वर्षांनंतर, जुन्या इन्फार्क्टच्या जागी हाडाची वाईट गाठ होऊ शकते. इतकं क्वचित की त्यासाठी दरवर्षी एमआरआय काढत बसायची गरज नसते. पण पुढे कधी तीच गप्प जागा नव्याने, रात्रीसुद्धा दुखायला लागली किंवा वर सूज हाताला लागली, तर ‘ते जुनंच आहे’ म्हणून सोडायचं नाही.

अर्धविराम

सगळे प्रश्न उतरवून घेतले. किडनीच्या डॉक्टरांशी आज बोललो, गोळी आहे तशीच चालू ठेवा म्हणाले, आणि दोन्ही खुब्यांच्या एमआरआयची चिठ्ठी त्यांनीच दिली. तो परवा आहे. बहीण विचारतेय, एमआरआयच्या वेळी चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन पुन्हा देतील का? मागच्या वेळी शीर सापडत नव्हती.

फिल्मवाला

यासाठी सहसा लागत नाही. इन्फार्क्ट बघायला साधा एमआरआय पुरतो, ती हद्दीची रेघ औषधाशिवायच दिसते. तरी आत जाण्याआधी किडनीचा आजार होता हे टेक्निशियनला सांगाच. आणि निघताना नुसती फिल्म घेऊन येऊ नका, सीडी मागून घ्या, गुडघ्याचीही. हाडाच्या डॉक्टरांना एकेक काप स्वतः पुढे-मागे करून बघायचा असतो, फिल्मवर निवडक कापच छापलेले असतात.